मदत हवी आहे: मुलीच्या पोटाच्या तक्रारींमागे सिलिअ‍ॅक आजार (गहू वगैरेंतील ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होण्याचा विकार) असू शकेल का?

नमस्कार. माझ्या सात वर्षांच्या मुलीला गेले काही महिने वारंवार पातळ, चिकट आणि फार दुर्गंधीयुक्त शौचास होते, जेवल्यावर पोट टम्म फुगते आणि वजन वाढत नाही. जंतांचे औषध देऊन झाले, लोहाचे सिरपही नियमित चालू आहे, तरी हिमोग्लोबिन वर येत नाही. मला सर्वाधिक काळजी याचीच वाटते. सुट्टीत आजोळी ज्वारीची भाकरी आणि भात खात असताना पोट शांत होते, परंतु घरी पोळी, बिस्किटे आणि शेवया सुरू होताच त्रास परतला.

नातेवाईक गहू आजच बंद करा म्हणतात. मात्र टीटीजी-आयजीए ही या आजाराची रक्तचाचणी आहारात गहू चालू असतानाच विश्वासार्ह ठरते, शिवाय शरीरातील एकूण आयजीए (एक प्रकारची प्रतिपिंडे) मुळातच कमी असेल तर आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो, म्हणून दोन्ही तपासण्या होईपर्यंत पोळी थांबवायची नाही, असे आम्ही ठरवले आहे.

ज्यांच्या मुलांचे निदान झाले आहे, त्यांनी कृपया सांगावे: एंडोस्कोपी करून लहान आतड्याचा तुकडा तपासावा लागला का, की रक्तचाचणीवरच भागले? गव्हाची अ‍ॅलर्जी नाही, हे डॉक्टरांनी कसे ठरवले? आणि निदान झालेच, तर गिरणीत गव्हावर दळलेले ज्वारीचे पीठ किंवा गव्हाचे पीठ मिसळलेला हिंग यांना आपण घरी कोणता पर्याय शोधला?