रीप्ले शेवटपर्यंत चालला, म्हणजे तो खरा ठरला का?

आडवा धागा (चर्चाप्रस्ताव)

सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेल कारखान्यासाठी, मागांचे पिक (विणताना आडवे सूत किती वेळा टाकले गेले तो आकडा) मोजून पाळीअखेर स्लिप छापणारा एक प्रोग्राम आम्ही तिघे जण सांभाळतो. विणकराची मजुरी पिकवर ठरत असल्यामुळे आकड्यातला फरक म्हणजे थेट कुणाच्या तरी पगारातला फरक असतो. एका विणकराने दोनदा तक्रार केली की मागावरचा काऊंटर एक आकडा दाखवतो आणि स्लिपवर त्यापेक्षा कमी छापून येतो. हाताने तपासून काही सापडेना, म्हणून आम्ही तो प्रोग्राम आठवडाभर 'आरआर' या लिनक्सवरच्या साधनाखाली चालवून त्याची नोंद घेत राहिलो. ज्यांनी हे साधन वापरलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: प्रोग्राम चालू असताना बाहेरून त्याच्यात जे काही येते, म्हणजे सिस्टिम कॉलची (ऑपरेटिंग सिस्टिमला केलेल्या विनंत्यांची) उत्तरे, सिग्नल, घड्याळाच्या वेळा, ते सारे हे साधन टिपून ठेवते आणि नंतर तेच त्याला त्याच क्रमाने पुन्हा भरवते, त्यामुळे तीच धाव हवी तितक्या वेळा, हवी तिथे थांबवून पाहता येते. यालाच रीप्ले म्हणतात.

चौथ्या रात्री तक्रार पुन्हा आली. काऊंटरवर ८१,२०८ आणि स्लिपवर ८०,५६८. सकाळी मी रीप्ले लावला, पाळीअखेरच्या ओळीवर थांबून जीडीबी या दोष शोधण्याच्या साधनात बेरजेचा व्हेरिएबल छापला, तर ८१,२०८. रीप्ले कुठेही न अडखळता शेवटपर्यंत गेला होता. मी मालकांना सांगून मोकळा झालो की मोजणी बरोबर आहे, दोष स्लिप छापण्याच्या भागात आहे.

तो दोष तिथे नव्हताच. रात्री अडीचच्या सुमारास बाणा (आडवे सूत) तुटूनही माग काही वेळ रिकामा फिरला होता आणि मुकादमाने आपल्या स्क्रीनवरून ६४० पिकांची वजावट टाकली होती. (ती विणकराला सांगितली गेली नाही, हा स्वतंत्र आणि माझ्या मते अधिक गंभीर विषय आहे.) मुकादमाचा स्क्रीन हा वेगळा प्रोग्राम आहे, तो वजावटीचा तक्ता शेअर्ड मेमरीत (दोन प्रोग्रामांनी वाटून घेतलेल्या मेमरीत) लिहितो आणि आमचा प्रोग्राम तिथून वाचतो. आम्ही नोंद घेतली ती फक्त आमच्या प्रोग्रामची. त्यामुळे रीप्लेमध्ये वजावटीचा तक्ता पाळीच्या सुरुवातीला जसा होता तसाच, म्हणजे शून्यांनी भरलेला, राहिला.

आता माझा मुद्दा. आरआर रीप्ले करताना नोंदवलेल्या घटनांपाशी प्रोसेसरचे रजिस्टर (त्याच्या आतल्या तात्पुरत्या साठवणीच्या जागा) आणि तोवर पार पडलेल्या सशर्त शाखांची, म्हणजे 'जर-तर' फाट्यांची, संख्या जुळते की नाही हे पाहतो आणि जुळली नाही तर तिथेच थांबतो. आमच्या बाबतीत वजावट ही निव्वळ वजाबाकी होती, तिच्यावर एकही 'जर-तर' अवलंबून नव्हता. आकडा दोन्ही वेळा पाच अंकीच असल्यामुळे छापण्याच्या लूपच्या फेऱ्याही तेवढ्याच झाल्या. बेरीज मेमरीत पडून होती, त्या त्या क्षणी कुठल्याच रजिस्टरमध्ये नव्हती. म्हणजे चुकीचा रीप्ले या तपासणीतून सन्मानाने पास झाला, आणि तेही तक्रारदाराच्या म्हणण्याशी तंतोतंत जुळणारा आकडा घेऊन. म्हणून माझे मत असे की मेमरीचे चेकसम (त्या क्षणी मेमरीत जे आहे त्यावरून काढलेले पडताळणीचे आकडे) नोंदीच्या वेळीच साठवून रीप्लेमध्ये ते पडताळल्याशिवाय कोणत्याही रीप्लेच्या आधाराने कुणाच्याही बाजूने निर्णय देऊ नये.

जुना जॉबर

आपला अनुभव प्रामाणिकपणे मांडलात याबद्दल आभार, पण निष्कर्ष मला मान्य नाही.

पहिली गोष्ट अशी की ही चूक साधनाची नाही. नोंदीबाहेरच्या प्रोसेसबरोबर मेमरी वाटून घेणारा प्रोग्राम आरआरला टिपता येत नाही, ही मर्यादा ते बनवणाऱ्यांनी उघडपणे सांगितलेली आहे. मुकादमाचा स्क्रीनही त्याच नोंदीत घेतला असता तर हा धागा निघालाच नसता. बीम भरताना दोन तार कमी घ्यायचे आणि मग कापडाची रुंदी का भरत नाही म्हणून मागाला दोष द्यायचा, तसे हे झाले.

दुसरी गोष्ट आपल्याच लिखाणात आहे. चूक पकडली कशाने? कागदाच्या स्लिपने. मूळ धावेचा छापील निकाल आणि रीप्लेमधला निकाल शेजारी ठेवले आणि फरक दिसला. हीच पद्धत स्वस्त आहे, पुरेशी आहे आणि कुणालाही समजणारी आहे. फक्त आपण तो फरक दिसल्यावर रीप्लेवर संशय घेण्याऐवजी स्लिपवर घेतलात.

तिसरी गोष्ट खर्चाची. मेमरीचे चेकसम घेण्याची सोय आरआरमध्ये आहे, सिस्टिम कॉलपाशी किंवा प्रत्येक घटनेपाशी. पण प्रत्येक वेळी प्रोसेसची सारी मेमरी वाचून काढायची म्हणजे प्रोग्राम रांगायला लागतो, आणि हे चेकसम नोंद घेतानाच घ्यावे लागतात, मागाहून आठवण झाली तर उपयोग नाही. दर सेकंदाला शेकडो वाचने करणारा आपला प्रोग्राम त्या ओझ्याखाली मागांशी बोलण्यात मागे पडेल आणि जी धाव टिपायची तीच बदलून जाईल.

आणि मूळ तपासणीला आपण जितकी भोळी समजता तितकी ती नाही. सिग्नल नेमका कोणत्या क्षणी आला हे टिपण्यासाठी प्रोसेसरने पार पाडलेल्या सूचना मोजता आल्या असत्या, पण ती गणना इंटरप्टमुळे (प्रोसेसरला मधेच थांबवणाऱ्या व्यत्ययामुळे) प्रत्येक धावेत थोडी वेगळी भरते. म्हणून शाखा मोजल्या जातात. ठरलेल्या संख्येवर इंटरप्ट मागितला तरी तो काही शाखा उशिराच पोहोचतो, त्यामुळे तो मुद्दाम आधी मागवून उरलेले अंतर पावलापावलाने चालत जावे लागते, आणि शाखांची संख्या व रजिस्टर दोन्ही जुळतील तिथेच थांबावे लागते. एवढ्या काटेकोर चालीत एक पाऊल चुकले तरी सहसा लगेच बोभाटा होतो. एएमडीच्या झेन प्रोसेसरांवर ही गणना विश्वासार्ह ठरावी म्हणून त्यांची एक अंतर्गत सोय बंद करावी लागली, हे आपल्याला ठाऊक असेलच. गणना बिघडली की रीप्ले गप्प बसत नाही, हेच त्यातून दिसले.

आडवा धागा

जॉबरसाहेब, दोन तारांचा टोला मान्य. पण 'मर्यादा लिहिलेली आहे' आणि 'मर्यादा ओलांडली गेल्याचे कळते' यात मला फार मोठे अंतर दिसते. शेअर्ड मेमरी आमच्या कोडमध्ये थेट नव्हतीच. ती एका जुन्या लायब्ररीच्या पोटात होती, आणि ती लायब्ररी आमच्या आधीच्या माणसाने घातलेली. जे मला ठाऊकच नाही त्याच्यापासून सावध राहा असे सांगण्यात अर्थ नाही.

स्लिपबद्दल म्हणाल तर, तिच्यावर एकच बेरीज असते. त्याच रात्री दुसऱ्या मागावर ६४० पिक कुणी परत जमा केले असते तर खात्याची एकूण बेरीज दोन्हीकडे सारखी आली असती आणि दोन विणकरांचे पगार मात्र चुकले असते. शेवटचा आकडा जुळणे ही आवश्यक अट आहे, पुरेशी नाही.

फळा आणि खडू

मी इथल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात ऑपरेटिंग सिस्टिम शिकवते. आपण दोघेही एकाच प्रश्नावर भांडत आहात, पण त्यात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. रीप्ले हा नोंदीशी प्रामाणिक आहे का, हा एक. आणि नोंद ही कारखान्यात रोज चालणाऱ्या प्रोग्रामशी प्रामाणिक आहे का, हा दुसरा. चेकसम पहिल्याचे उत्तर देतात. दुसऱ्याबद्दल ते काहीही सांगत नाहीत.

आरआर सगळे थ्रेड (एकाच प्रोग्राममधली समांतर चालणारी कामे) प्रोसेसरच्या एकाच कोअरवर पाळीपाळीने चालवतो. रीप्ले अचूक राहावा म्हणूनच ही तडजोड केलेली आहे, कारण दोन कोअर एकाच वेळी एकाच जागी लिहू लागले तर त्यांचा क्रम टिपणे फार महाग पडते. परंतु त्यामुळे चार कोअरवर होणारी थ्रेडांची चढाओढ नोंदीत येतच नाही. उद्या तुमच्या प्रोग्राममध्ये पाळी बदलताना एक थ्रेड बेरीज शून्य करतो आणि त्याच क्षणी दुसरा तिच्यात भर घालतो असा दोष असला, तर नोंदीखाली तो महिनोन्महिने दिसणार नाही, आणि जो रीप्ले तुम्ही चेकसम लावून अक्षरशः बिनचूक सिद्ध कराल तो एका निर्दोष दिसणाऱ्या धावेचा असेल. यासाठी आरआरमध्ये केऑस मोड दिलेला आहे, त्यात थ्रेडांचे प्राधान्य आणि त्यांच्या पाळ्या मुद्दाम यादृच्छिक केल्या जातात. त्याने असे बरेच दोष वर येतात. मात्र प्रोसेसरच्या आत लेखनाचा क्रम पुढेमागे झाल्याने घडणारे दोष एका कोअरवर कितीही ढवळाढवळ केली तरी उमटत नाहीत.

हा पेच नवा नाही. १९८७ मध्ये लब्लाँ आणि मेलर-क्रमी या संशोधकांनी 'इन्स्टंट रीप्ले' मांडले तेव्हा त्यांनी समांतर प्रोग्राममधला डेटा टिपलाच नाही, सामायिक वस्तूंना कोणी कोणत्या क्रमाने हात लावला एवढेच टिपले. प्रत्येक प्रोसेसला तेच इनपुट आणि तोच क्रम मिळाला तर तीच मूल्ये पुन्हा निर्माण होतील, हा त्यामागचा विचार. विचार चोख आहे, पण तो उभा आहे तो 'सामायिक असलेले सर्व काही नोंदीच्या दारातून जाते' या गृहीतकावर. आडवा धागा यांच्या लायब्ररीने नेमके तेच मोडले. त्यामुळे चूक वापरणाऱ्याची की साधनाची, या वादात मला रस नाही. गृहीतक मोडल्याचे कळण्याची व्यवस्था हवी, एवढ्यापुरती मी त्यांच्या बाजूची आहे. चेकसम जुळले की निर्णय द्यावा, या पुढच्या पायरीला मात्र माझा विरोध आहे.

रात्रपाळी

मी संगणकातला नाही, एका कारखान्यात हजेरी आणि पगारपत्रक लिहितो. वरचे निम्मे समजले नाही, तरी एक विचारतो. सूत ज्या काट्यावर तोलले जाते त्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का असतो, आणि शिक्का मारण्याआधी ते प्रमाणित वजन ठेवून काटा किती दाखवतो ते पाहतात. तुमच्या या तपासणाऱ्याला कुणी असे ठाऊक असलेले वजन ठेवून पाहिले आहे का? की तो काही बोलला नाही म्हणजे सगळे ठीक, असे धरून चालता?

शिवाय स्लिप, नोंद आणि रीप्ले तिन्ही मालकाच्याच संगणकावर. विणकराच्या हातात काय?

आडवा धागा

रात्रपाळी, तुमचा पहिला प्रश्न वाचला आणि शनिवारी तेच केले. वीस-पंचवीस ओळींचा एक प्रोग्राम लिहिला, जो मेमरीत जोडलेल्या एका सामायिक फाइलमधला आकडा वाचून बेरजेतून वजा करतो, आणि दुसरा प्रोग्राम लिहिला जो तो आकडा मधेच बदलतो. फक्त पहिल्याची नोंद घेतली. म्हणजे काय चुकणार हे मला आधीच ठाऊक होते. नेहमीच्या पद्धतीने रीप्ले केला तर तो चुकीची बेरीज घेऊन मुकाट शेवटपर्यंत गेला. मग सिस्टिम कॉलपाशी चेकसम लावून नोंद आणि रीप्ले दोन्ही पुन्हा केले, तर आकडा बदलल्यानंतरच्या पहिल्याच कॉलपाशी तो थांबला. तिसऱ्या वेळी वजाबाकीच्या जागी मुद्दाम एक 'जर' घातला, आणि मग चेकसम नसतानाही शाखांच्या संख्येवरच तो अडला. जॉबरसाहेबांचा मूळ तपासणीवरचा विश्वास कुठवर खरा आहे आणि कुठे संपतो, हे या तीन धावांत मला डोळ्यांनी दिसले.

खर्चाबाबत मात्र जॉबरसाहेब बरोबर निघाले. खऱ्या प्रोग्रामवर चेकसम लावताच मागांकडून येणाऱ्या वाचनांना उशीर होऊ लागला आणि दोन मागांशी संपर्क तुटल्याचे इशारे आले. म्हणून संपूर्ण मेमरीचा आग्रह मी सोडतो. त्याऐवजी प्रोग्राममध्येच अशी सोय घातली की दर पाच मिनिटांनी प्रत्येक मागाची बेरीज आणि वजावट यांचा मिळून एक छोटा चेकसम काढायचा आणि तो टर्मिनलवर छापायचा. रीप्लेमध्ये फाइलीत लिहिण्याचे काम प्रत्यक्षात होत नाही, पण टर्मिनलवर जे छापले गेले ते रीप्लेमधल्या मेमरीतून पुन्हा छापले जाते. त्यामुळे मूळ धावेच्या ओळी आणि रीप्लेच्या ओळी समोरासमोर लावल्या की पहिली न जुळणारी ओळ कोणत्या पाच मिनिटांतली ते लगेच कळते. त्या रात्रीची पाळी अशी टिपली असती तर अडीचच्या पुढची पहिलीच ओळ वेगळी दिसली असती.

जुना जॉबर

म्हणजे शेवटी निकालच ताडून पाहिलात, फक्त पाळीअखेर एकदा पाहायचा तो दर पाच मिनिटांनी. मी दुसरे काय म्हणत होतो? तुमच्या चेकसममध्ये जे घातले नाही ते याही वेळी निसटेलच. उद्या चूक पिकच्या बेरजेत नसून विणकराच्या टोकन नंबरात असली तर?

आडवा धागा

टोकन नंबर आजच घालतो. तुमचा आक्षेप त्याने संपत नाही, हे मान्य.

बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे अजून नाही. पाळी बदलतानाचा भाग केऑस मोडमध्ये चालवायला या आठवड्यात सुरुवात केली आहे आणि शेजारी तोच प्रोग्राम नोंदीशिवाय चारही कोअरवर चालू ठेवला आहे. दोन्हीकडचे पाच-पाच मिनिटांचे आकडे जिथे वेगळे पडतील तिथून पुढे पाहू.

रात्रपाळी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर मालकांशी बोललो. वजावट, तिची वेळ आणि ती टाकणाऱ्याचे नाव आता स्लिपवर छापून येते.

रात्रपाळी

स्लिपच्या दोन प्रती काढा. एक विणकराच्या खिशात जाऊ दे.