बारसूचा सडा पडीक आहे म्हणणाऱ्यांसाठी

सड्याखालची

बारसूच्या तेल रिफायनरीचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं: "नाहीतरी तो सडा पडीकच आहे." सडा म्हणजे जांभ्या कातळाचं पठार. यंदा गणपतीत आमच्या ओटीवर पाहुण्यांच्या तोंडून तेच ऐकलं, तेव्हापासून लिहायचं मनात आहे.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर तालुक्यातला हा प्रकल्प आधी नाणारला व्हायचा होता. विरोध झाला आणि २०१९ मध्ये तिथला बेत रद्द झाला. जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने केंद्राला बारसूची जागा सुचवली. एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाला मोठा पोलीस बंदोबस्त आला. भर उन्हात बायका कातळावर आडव्या पडल्या, अश्रुधूर सोडला गेला. ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल.

टीव्हीवर सडा मात्र दिसला नाही. आमच्या वाड्या सड्यावर नाहीत, सड्याच्या कुशीला आहेत. जांभा म्हणजे सच्छिद्र दगड. पावसाळाभर पडलेलं पाणी सडा पितो आणि सावकाश खाली सोडतो. आमच्या वाडीची विहीर, खालचा व्हाळ म्हणजे ओढा, उन्हाळ्यातलं वायंगणाचं पीक, सगळं त्या पाण्यावर. सड्यावर गवत कापतो, गुरं सोडतो, खोलगट जागी माती साठते तिथे नाचणी-वरी होते. सातबाऱ्यावर 'पोटखराब', म्हणजे लागवडीला अयोग्य, लिहिलं म्हणून ती जमीन बिनकामाची होत नाही.

आणि त्याच कातळावर कातळशिल्पं, म्हणजे दगडात कोरलेल्या जुन्या आकृत्या आहेत. बारसूला दोन वाघांच्या मध्ये उभा माणूस कोरलाय. शेजारी देवाचे गोठणे इथे एका शिल्पापाशी होकायंत्र ठेवलं की सुई भलतीकडे वळते. ही दोन्ही ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. उक्षी, कशेळी, कुडोपी आणि गोव्यातलं फणसमाळ धरून एकूण नऊ. लहानपणी आम्हाला यादी वगैरे ठाऊक नव्हती. पहिल्या पावसानंतर त्या रेघांत पाणी भरायचं, ऊन तिरपं झालं की सगळी आकृती चमकून उठायची. रेघ जेमतेम बोटभर खोल. एवढीशी रेघ हजारो वर्षं टिकली, कारण वर कोणी काही बांधलं नाही.

चाकरमानी

ताई, मी शेजारच्या गोवळ गावाकडचाच. सोळाव्या वर्षी मुंबईला आलो, आता डोंबिवलीत. तुम्ही लिहिलंत त्यातलं पाण्याचं खोटं नाही. पण आमच्या वाडीत आज किती घरांना कुलूप आहे ते मोजा. गणपतीला आणि शिमग्याला उघडतात, बाकी वर्षभर वाळवी. माझ्या वेळी शाळेत दोन तुकड्या होत्या, आता मुलं शोधून आणावी लागतात. आंबा एका अवकाळीत जातो. तरण्या पोरांनी करायचं काय, व्हाळाकडे बघत बसायचं?

दुसरं, मनापासून विचारतो. घरासाठी जांभ्याचे चिरे काढणाऱ्या चिरेखाणींनी किती सडे पोखरले? किती शिल्पं त्यात गेली? तेव्हा कोण आडवं पडलं? ते खाणमालक बाहेरचे नव्हते, आपलेच होते. रिफायनरी आली तर निदान शिल्पांना कुंपण पडेल.

निवृत्त अभियंता

मी तेलशुद्धीकरणात उमेदीची वर्षं काढली आहेत, म्हणून दोन शब्द. मूळ प्रस्ताव वर्षाला ६ कोटी टन क्षमतेचा आणि सुमारे ३ लाख कोटी रुपयांचा होता. २०१८ मध्ये सौदी अरामको आणि अबुधाबीची ॲडनॉक या तेल कंपन्यांनी त्यात रस दाखवला होता. कच्चं तेल आखातातून येतं, त्यासाठी पश्चिम किनाऱ्यावर खोल पाणी लागतं. म्हणजे कोकण कोणी आकसाने निवडलेलं नाही. लोक प्रदूषणासाठी मुंबईतल्या माहुलचं उदाहरण देतात, पण तिथले कारखाने १९५४-५५ चे. जामनगरला १९९९ पासून रिफायनरी चालू आहे आणि तिच्या आवारात मोठी आमराई आहे. शिल्पांची जागा वगळून आराखडा करता येतो.

खाडीकाठचा

साहेब, आमराईचं उदाहरण फार ऐकलं. ती आमराई कंपनीने लावली, कंपनीच्या पाण्यावर वाढवली आणि आंबा कंपनीचा. बारसूत बागायतदार मालक आहे. तोच आंबा दोन्हीकडे, पण एकीकडे माणूस मालक आणि दुसरीकडे माळी.

मी जिल्ह्याच्या उत्तर भागातला. आमच्या खाडीच्या वरच्या अंगाला रासायनिक कारखाने आले तेव्हा नोकऱ्यांचंच आश्वासन होतं. वडील होडी घेऊन जायचे. पहाटे पाण्यावर मेलेल्या माशांची पांढरी पोटं तरंगताना मी स्वतः पाहिलीत, बोय आणि काळुंद्र, हात लावला तर सालपट निघायचं. तक्रार केली की पाण्याचा नमुना घ्यायला माणूस येईपर्यंत भरतीने सगळं धुऊन नेलेलं असायचं. नोकरी मिळाली, नाही असं नाही. माझ्या भावाला ठेकेदाराकडे, पिंपं उचलायची.

सड्याखालची

चाकरमानीदादा, चिरेखाणीचं तुमचं बरोबर आहे आणि ते मला लागलं. आमच्या घराचा चिराही तिथलाच. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारखी माणसं सडे तुडवत ही शिल्पं शोधून नोंदवू लागली, तोवर किती गेली याचा हिशेब कोणी ठेवला नाही. ती आमचीच चूक. पण खाण एका सड्याचा कोपरा खाते. इथे सुचवलेली जागा १३,००० एकर आहे.

कुंपणाबद्दल मात्र पटत नाही. ज्याने तो माणूस आणि ते वाघ कोरले, त्याने हाच कातळ का निवडला, पाणी कुठे साठत होतं, वाट कुठून जात होती, हे सगळं भोवतालच्या सड्यात आहे. चौकट ठेवून बाकीचं सपाट केलंत तर उरेल ते चित्र, जागा नाही.

अभियंतासाहेब, तुम्ही शिल्पांबद्दल लिहिलंत, पाण्याबद्दल अक्षर नाही. सडा सिमेंटने झाकला तर माझी विहीर मार्चमध्ये कशावर भरेल? आराखडा करता येतो म्हणता, तर त्यात ही विहीर दाखवा.

निवृत्त अभियंता

प्रश्न रास्त आहे. पावसाचं पाणी अडवून मुरवता येतं, पण जांभ्यातले जुने झरे त्याच वाटेने वाहतील याची हमी मी देणार नाही. तो अभ्यास माती परीक्षणाच्या आधी व्हायला हवा होता, वाडीवाडीत विहिरी मोजून.

चाकरमानी

माझं मत तरीही बदललेलं नाही. माझा मुलगा बारावीला आहे. त्यानेही माझ्यासारखं गावाबाहेर राहावं असं वाटत नाही, आणि त्याला तिथे राहायला काय कारण आहे हे विरोधकांपैकी कोणी सांगत नाही. पर्यटन म्हणाल, तर शिल्प बघायला येणारा माणूस दोन तासांत परत जातो.

एक मात्र सलतं. आमच्या सामाईक सातबाऱ्यावर चाळीसच्या वर नावं आहेत. त्यातल्या दोघा सहहिस्सेदारांनी आपला हिस्सा परस्पर बाहेरच्या माणसाला विकला, तेही प्रकल्पाची कुजबुज सुरू झाल्यावर. घेणाऱ्याला कळलं होतं, आम्हाला नाही.

सड्याखालची

तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार नाही, दादा. काजू प्रक्रिया, आंब्याचं कॅनिंग असं म्हणून तुमची बोळवण करणार नाही, कारण तेवढ्याने सगळी कुलपं उघडणार नाहीत हे मलाही दिसतं. पण सातबाऱ्याचं तुम्ही सांगितलंत तेच माझं म्हणणं. गावाला सगळ्यांत शेवटी कळतं. ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले तरी पुढे पोलीसच आले.

तुमचं मतदान अजून गावातच आहे ना? मग ग्रामसभेला या. हो म्हणायला का होईना, पण तिथे उठून म्हणा.

चाकरमानी

मतदान गावातच आहे. मे महिन्यात घरी असतोच, १ मेच्या ग्रामसभेला येतो. मी हो म्हणणार आहे, आत्ताच सांगून ठेवतो. आणि विहिरींची मोजणी आधी करा, हा ठरावही मीच मांडतो.