मदत हवी आहे: ट्रकची अ‍ॅपवाली कंपनी बंद पडली, भाड्याचे ४ लाख ६० हजार अडकलेत

नमस्कार मंडळी, मी कळंबोलीचा, दोन ट्रेलर आहेत, न्हावाशेवाहून तळोजा, भिवंडी, कधी चाकण असे कंटेनर मारतो. तीन वर्षांपूर्वी एका स्टार्टअपच्या अ‍ॅपवर गाड्या लावल्या, नाव लिहीत नाही. सुरुवातीला एवढं सुख की विचारू नका, गाडी भरली की ९० टक्के अ‍ॅडव्हान्स, पीओडीचा (माल पोचल्याच्या सहीच्या पावतीचा) फोटो टाकला की तिसऱ्या दिवशी बॅलन्स. आमचा जुना ब्रोकर तेव्हाच म्हणाला होता, हे लोक तुला भाडं जास्त देतात, पार्टीकडून (ज्याचा माल त्याच्याकडून) कमी घेतात, मग मधलं कोण भरतंय? मला वाटलं धंदा गेला म्हणून जळतोय.

दिवाळीनंतर अ‍ॅडव्हान्स निम्म्यावर आला, बॅलन्सला महिना, मग दीड महिना, फोन केला की ‘सर सिस्टीम अपडेट चालू आहे’. आता ऐरोलीच्या ऑफिसला कुलूप आहे, वॉचमन म्हणाला आज तुम्ही चौथे.

भाच्याने अमेरिकेतल्या कॉन्व्हॉयचं दाखवलं. सिअ‍ॅटलची कंपनी, अ‍ॅमेझॉन सोडलेल्या दोघांनी २०१५ ला काढलेली, बेझोस आणि बिल गेट्सचा पैसा, एप्रिल २०२२ ला किंमत ३.८ अब्ज डॉलर, आणि ऑक्टोबर २०२३ ला शटर खाली, का तर कोविडनंतर भाडी पडली आणि नवा पैसा मिळेना. त्यांचं सॉफ्टवेअर निदान फ्लेक्सपोर्टने घेतलं, माझ्या बिलांना कोण गिऱ्हाईक?

वकील म्हणतो एनसीएलटीत (कंपन्यांच्या दिवाळखोरीच्या कोर्टात) एक कोटीच्या खालच्या थकबाकीसाठी जाता येत नाही. मग करू काय? आणि त्यांच्याच ट्रिपचा एक भरलेला कंटेनर अजून माझ्या ट्रेलरवर उभाय, पैसे मिळेपर्यंत अडवू का?

प्रतिसाद १: दादा, कंटेनर आधी सोडा. माल पार्टीचा आहे, त्यांनी तक्रार दिली तर गाडी पोलीस स्टेशनला जमा, वर शिपिंग लाइनचं डिटेन्शन (कंटेनर उशिरा परत केल्याचा आकार) तुमच्या गळ्यात मारतील. सोडताना सही-शिक्का घ्या आणि पार्टीला विचारा, या ट्रिपचे पैसे कंपनीला गेलेत का, नसतील तर ईमेल करून थेट मागा. बाकी एलआर (ट्रिपची माल-पावती) कोणाच्या नावाची आहे, तुमच्या की कंपनीच्या?

प्रतिसाद २: उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) आहे का, आणि ट्रिपांच्या आधीचं आहे का? असेल तर छोट्या उद्योगांच्या (एमएसएमई) थकबाकीसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका, ४५ दिवसांच्या वर पैसे रखडले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज लागतं, तेही दरमहा चक्रवाढ. पण दुसऱ्या कोणी त्यांना एनसीएलटीत खेचलं तर सगळं तिथेच गोठतं, म्हणून पेपरातल्या जाहीर नोटिशींवर नजर ठेवा, क्लेमची मुदत चुकवू नका. चॅट, पीओडी, बँक स्टेटमेंट आजच काढून ठेवा, अ‍ॅपचा सर्व्हर कधीही बंद होईल.

धागाकर्ता: एलआर सगळ्या कंपनीच्याच नावाच्या निघाल्या, तिथे माती. उद्यम २०२१ चं आहे. रात्रभर बसून स्क्रीनशॉट काढले, १७ पैकी १४ ट्रिपा मिळाल्या, बाकी तीन अ‍ॅपमधून गायब, त्यांच्या कागदाच्या पीओडी ड्रायव्हर शोधतोय. कंटेनर पहाटे सोडला. पार्टीचा मॅनेजर म्हणाला या ट्रिपचं बिल अजून पास झालेलं नाही, सोमवारी या.