संदर्भसूचीत विभावरी शिरूरकर कुठे लावू: श, ब की ख?

सावली_लातूर

प्रबंध महिन्याभरात जमा करायचाय आणि गाडी सूचीवर अडकलीय. विषय 1880 ते 1950 मधलं मराठी स्त्रियांचं लेखन. सरांनी काल 31 पानांची सूची लाल पेनाने रंगवून परत दिली. पहिल्याच पानावर शेरा: 'एक बाई तीन ठिकाणी!'

'कळ्यांचे निःश्वास' (1933) मी शिरूरकर, विभावरी खाली लावलं. ते त्यांचं टोपणनाव; मालतीबाई बेडेकर या त्यांच्याच नावाचा लेख ब मध्ये. आणि एका टिपेत त्यांचं माहेरचं नाव बाळूताई खरे दिसलं म्हणून ख मध्येही एक नोंद ठोकून दिली. हसू नका, रात्रीचे दोन वाजले होते.

ताराबाई शिंदेंच्या 'स्त्रीपुरुष तुलना'पुढे मी 1882 लिहिलंय, पण वाचलं मालशे यांनी संपादित केलेलं 1975 चं पुस्तक. पृष्ठांकही त्यातलेच. एका मासिकाच्या अंकावर फक्त 'शके 1820, माघ' आहे, मी 78 मिळवून 1898 केलं, तिथे सरांचं प्रश्नचिन्ह. शिवाय संगणकाने अक्षरक्रम लावला तर काळे आले कावळेंच्या आधी!

नियमावलीत एकच ओळ आहे, 'एमएलए पद्धत वापरावी', म्हणजे संदर्भ लिहिण्याची ती इंग्रजी पद्धत. मराठी नावांचं काय करायचं ते कुणी सांगेल का?

जुना_मुद्रितशोधक

ताई, तीस वर्षं पुण्यात प्रुफं वाचली, त्यातली निम्मी प्रबंधांची. तुमचे सर रागावलेत ते बरोबरच आहे, पण तुमच्या तीनपैकी दोन नोंदी वाचवता येतील.

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नाही, आतल्या शीर्षकपानावर जे नाव छापलंय तेच नोंदीचं नाव. वाचक ग्रंथालयात त्याच नावाने जाणार. म्हणून 'कळ्यांचे निःश्वास' श मध्येच राहू द्या, बेडेकर नावाने छापलेला लेख ब मध्ये, आणि दोन्हीकडे 'पाहा' घालून एकमेकींचा पत्ता द्या. सरांना सगळं एकाच नावाखाली हवं असेल तर तेही चालतं, दुसऱ्या नावापाशी नुसतं 'पाहा' ठेवायचं. काय ठरवलं ते सूचीच्या डोक्यावर दोन ओळींत लिहा. खरे मात्र काढा. त्या नावाने छापलेलं काही तुम्ही वापरलेलंच नाही, मग ती सूचीतली नोंद कसली? ती माहिती प्रकरणात येऊ दे.

टोपणनाव फोडायचं नाही. केशवसुत म्हणजे केशवसुत. 'सुत, केशव' असं टाइप केलेलं मी या डोळ्यांनी वाचलंय.

'स्त्रीपुरुष तुलना'ला दोन्ही सालं द्या, मूळ प्रकाशन 1882, वापरलेली आवृत्ती 1975, संपादक म्हणून स. गं. मालशे. नुसतं 1882 लिहून पृष्ठांक 1975 चा दिला तर जुनी प्रत उघडणाऱ्याला त्या पानावर भलतंच काही सापडेल. गाथेचंही तसंच आहे, कुठली प्रत ते न सांगता अभंगक्रमांक देण्यात अर्थ नाही.

शकाचं वर्ष चैत्रात बदलतं, इंग्रजी वर्ष साधारण पौषाच्या आसपास. म्हणून चैत्र ते मार्गशीर्ष बहुधा 78, माघ-फाल्गुनाला 79, आणि पौष असेल तर पंचांग काढा. तुमचा माघ 1899 मध्ये पडतो. अंकावर छापलेला शक तसाच ठेवून पुढे कंसात इसवी सन लिहा.

जाता जाता, तुमच्या तळटिपांत 'तत्रैव', म्हणजे 'वरच्या टिपेतलंच पुस्तक', असं आहे का? एका मुलाने शेवटच्या आठवड्यात मधे एक नवी टीप घातली. खालची चार 'तत्रैव' गपचूप दुसऱ्याच पुस्तकाची झाली. परीक्षकांनी नेमकं तेच पुस्तक वाचलेलं होतं.

ग्रंथपाल_सोलापूर

ळ चं मी सांगते. शाळेतल्या वर्णमालेत शेवट ह, ळ, क्ष, ज्ञ असा. संगणक अक्षरं ज्या क्रमाने ओळखतो त्या युनिकोडच्या तक्त्यात मात्र ळ बसलाय ल च्या लगेच मागे, व च्या आधी. म्हणून तुमचे काळे पुढे घुसले. आपल्या क्रमाने कावळे, कासार, मग काळे. ही नावं हातानेच हलवा, फार नसतात.

क्षीरसागरांसाठी आमच्याकडे अजून वाद होतात. मी क च्या शेवटी लावते, कारण क्ष म्हणजे क् आणि ष. पण ज्ञ म्हणजे ज् आणि ञ, तेव्हा ज्ञानेश्वर मग ज च्या शेवटी जातात हे विसरू नका, नाहीतर एक इथे आणि एक तिथे.

अमेय

झोटेरो हे संदर्भसूची बनवणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर लेखकाच्या नावाशेजारी छोटं बटण असतं, त्याने आडनाव-नावाचे दोन रकाने एक होतात. टोपणनावं त्या एका रकान्यात भरा. आजोबांचं 'सुत, केशव' दोन रकान्यांतूनच जन्मलं असणार.

सावली_लातूर

खरे काढल्या. शिरूरकर-बेडेकर 'पाहा' घालून जोडल्या, सर 'हं' म्हणाले, म्हणजे चाललं. क्षीरसागर क च्या शेवटी गेले, ज्ञानेश्वरही ज च्या. मग भीतभीत 'तत्रैव' शोधलं. 64 निघाले, त्यातले आठ भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवतायत. मुद्रितशोधक काका, तुमच्यामुळे आज झोप नाही.