११९ व्या मूलद्रव्यासाठी अ‍ॅक्सिलरेटर आणखी ताकदवान करावेत का?

चुंबक:
करावेत, असं माझं ठाम मत आहे. अ‍ॅक्सिलरेटर म्हणजे त्वरक, अणूंना प्रचंड वेग देऊन दुसऱ्या अणूंवर आदळवणारं यंत्र; दोन केंद्रकं एकजीव झाली की नवं मूलद्रव्य मिळतं, आणि प्रोटॉनची बेरीज हाच त्याचा क्रमांक. आवर्तसारणीची सातवी ओळ ११८ व्या ओगानेसनवर भरली. ११४ ते ११८ ही पाचही मूलद्रव्यं कॅल्शियम-४८ चा (४८ म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनची बेरीज) मारा करून मिळाली, पण ती वाट आता खुंटली आहे. कॅल्शियमचे प्रोटॉन २०, म्हणजे ११९ साठी समोर ९९ वं आइन्स्टाइनियम हवं, आणि लक्ष्य (ज्यावर मारा करायचा तो पदार्थ) बनवण्याइतकं ते कुणाकडेच नाही. म्हणून आता टायटॅनियम, व्हॅनेडियम, क्रोमियम. मारा जड अणूंचा झाला की केंद्रकं एकजीव होण्याची शक्यता आणखी घटते. ती भरून काढायची तर शलाका (वेगवान अणूंचा झोत) दाट हवी आणि महिनोन्‌महिने चालायला हवी. जपानच्या रिकेन या संशोधन संस्थेने त्यासाठीच रेषीय त्वरकाला अतिवाहक (विजेला रोध न करणारा) भाग जोडला, रशियात दुबनाच्या संशोधन संस्थेने डीसी-२८० हा सायक्लोट्रॉन (अणूंना गोल फिरवत वेग देणारा त्वरक) उभारला.

शाईपेन:
मला पटत नाही. रिकेनला ११३ व्या निहोनियमचे अणू मिळाले तीन: २००४, २००५ आणि मग थेट २०१२. ओगानेसन तर एक मिलिसेकंदही टिकत नाही. ज्या ‘स्थैर्याच्या बेटा’साठी (अतिजड केंद्रकं जास्त काळ टिकतील असा अंदाज असलेल्या टापूसाठी) एवढी धडपड, तिथे १८४ च्या आसपास न्यूट्रॉन लागतात. ११४ व्या फ्लेरोव्हियम-२८९ मध्ये आहेत १७५. कमी पडताहेत न्यूट्रॉन, आणि आपण मागे लागलोय प्रोटॉनच्या! शलाका कितीही दाट करा, न्यूट्रॉन वाढणार नाहीत. तो पैसा सापडलेल्या मूलद्रव्यांच्या रसायनावर खर्च करा.

चुंबक:
न्यूट्रॉनचा मुद्दा बिनतोड आहे. पण रसायन तपासायला अणू कुठून आणणार? फ्लेरोव्हियमचं अर्धायुष्य (निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा वेळ) दोनेक सेकंदांचं. तेवढ्यात वायूच्या झोतातून ते सोन्याचा मुलामा दिलेल्या डिटेक्टरपर्यंत न्यायचं आणि सोन्याला किती घट्ट चिकटतं ते बघायचं. हाती येतात मोजके अणू. ते वाढवायलाही दाट शलाकाच लागते.

किनारा:
तुम्ही दोघंही लक्ष्याबद्दल बोलत नाही आहात. शलाका दुप्पट केली की उष्णताही दुप्पट. लक्ष्याचा पातळ थर आजही चाकावर सतत फिरवत ठेवावा लागतो, एका जागी मारा बसला तर तो जळून जाईल. शिवाय माल आणायचा कुठून? ११७ व्या टेनेसिनसाठी अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने अणुभट्टीत २२ मिलिग्रॅम बर्केलियम बनवलं. अर्धायुष्य ३३० दिवस, म्हणजे पहिल्या दिवसापासून माल घटतोय, आणि कागदपत्रं अपुरी म्हणून रशियाला जाणारं ते पार्सल अटलांटिकवरून पाच वेळा ये-जा करत राहिलं! आधी अणुभट्ट्यांकडे बघा.

शाईपेन:
किनारा यांच्याशी सहमत. चुंबक, अमेरिकेच्या बर्कली प्रयोगशाळेने २०२४ मध्ये प्लुटोनियमवर टायटॅनियमचा मारा करून २२ दिवसांत लिव्हरमोरियमचे दोन अणू मिळवले. लिव्हरमोरियम म्हणजे ११६, आधीच माहीत असलेलं. ११९ किंवा १२० वं मूलद्रव्य त्याहून कितीतरी दुर्मिळ असणार.

चुंबक:
पण त्या दोन अणूंनी टायटॅनियमचा मार्ग चालतो हे दाखवलं ना? तोवर तेही ठाऊक नव्हतं.

शाईपेन:
तेवढं मान्य. तरी माझी एक अट राहील: सुधारलेल्या यंत्राचा निम्मा वेळ रसायनवाल्यांना द्या.