मदत हवी आहे: डोळ्यातल्या अमिबाचा टाइप टी४ आलाय, त्याचं काय समजायचं?
नमस्कार मंडळी, सोलापुरातून लिहितोय. भाची लेन्स वापरते, तिचा डोळा लालभडक झाला, उजेड अजिबात सहन होईना, आधी हर्पीस (व्हायरसचं इन्फेक्शन) समजून औषध चाललं, मग बुबुळावरचं खरवडून तपासलं तर अकँथअमिबा (एकपेशीय जीव) निघाला अन् रिपोर्टवर जीनोटाइप (जीनवरून ठरणारा प्रकार) टी४. वाचलं त्यावरून हे टाइप अमिबाच्या १८एस आरआरएनए नावाच्या जीनवरून पाडतात, आता वीसच्या वर झालेत, आणि डोळ्याच्या केसेसमधे जगभर टी४च सगळ्यात जास्त, टी३, टी११ वगैरे कमी. पण टी४ तर पाण्यात, मातीतपण जास्त सापडतो, मग तो खरंच जास्त डेंजर की नुसता जास्त भेटणारा?

सध्या पीएचएमबी (अमिबा मारायचं औषध) ०.०२ टक्के ड्रॉप्स तासातासाला, रात्रीपण, पोरगी पार वैतागलीय. टाइप बघून औषध बदललंय का कुणाचं?

दुसरं म्हणजे आमच्याकडं पाणी रोज येत नाही, टाकीत साठवायचं, लेन्सची डबी त्याच पाण्यानं धुवायची. तळाचा गाळ तपासून टाइप जुळतो का बघणारी लॅब सोलापूर-पुण्यात माहितीय का? नळाच्या क्लोरीननं सिस्ट (अमिबाचं कवचातलं रूप) मरत नाहीत हे माहितीय, तो सल्ला नको. मायक्रोबायोलॉजीवाले कुणी असतील तर प्लीज सांगा.