जुन्या सिमेट्रीतल्या प्रेअरीत तण घुसलंय, सल्ला हवाय (इलिनॉय)

मिडवेस्टची_मेघा:
नमस्कार मंडळी. आमच्या गावाबाहेर एक जुनी सिमेट्री आहे, तिच्या कडेचा दोनेक एकराचा तुकडा कधीच नांगराखाली आला नाही म्हणून तिथे मूळची प्रेअरी, म्हणजे नैसर्गिक गवताळ माळ, अजून टिकून आहे, बिग ब्लूस्टेम, लेड प्लांट, कंपास प्लांट अशी इथली मूळची गवतं-झाडं सगळी आहेत. टाउनशिपने (इथली स्थानिक पंचायत म्हणा) आम्हा व्हॉलंटियर्सना तण काढायची परवानगी दिलीय, पैसे मात्र नाहीत. पांढरा स्वीट क्लोव्हर मधेमधे सगळीकडे, कुंपणाशी वाइल्ड पार्सनिप आणि रस्त्याकडून क्राउन व्हेचचा मोठा पट्टा आत सरकतोय. सुरुवात कुठून करू? जून तोंडावर आलाय आणि हा तुकडा हातचा घालवायचा नाहीये.

बांधावरचा:
ताई, आमच्याकडे वावरात एवढं तण माजलं की रोटाव्हेटर फिरवतो आणि पाहिजे ते पेरतो. तिकडे तसं नाही का जमत?

गवतवेडा_मॅडिसन:
दादा, शेतात ठीक आहे पण इथे अजिबात नको. १८३७ मध्ये जॉन डिअरने इलिनॉयमध्येच पोलादी नांगर बनवला, आणि तिथली जवळजवळ २.२ कोटी एकर प्रेअरी होती त्यातली चांगल्या अवस्थेतली आज अडीच हजार एकरांच्या आसपास उरलीय, तीही बरीचशी अशा सिमेट्रीत नाहीतर रेल्वेलाइनच्या कडेला. एकदा माती उलटली की ती परत तशी होत नाही, बी विकत आणून पेरलं तरी नाही.
मेघाताई, सगळ्यात चांगला भाग कुठला ते आधी बघा आणि तिथून बाहेर बाहेर जा. सगळ्यांना आधी दाट तणावर तुटून पडावंसं वाटतं, पण तिथे सगळा सीझन जातो आणि तोवर चांगल्या भागात क्लोव्हर बी टाकून मोकळा होतो. त्याचं बी मातीत तीस-तीस वर्षं जिवंत राहतं हो! पहिल्या वर्षीची रोपं कापून मरत नाहीत, मुळाच्या माथ्यावरून परत फुटतात. दुसऱ्या वर्षीची उंच झाडं फुलावर आली की पाऊस पडून गेल्यावर उपटा, ओल्या मातीतून अलगद येतात, नाहीतर सगळ्यात खालच्या फांदीच्याही खाली जमिनीलगत कापा. आणि प्रिस्क्राइब्ड बर्न (ठरवून, ताब्यात ठेवून लावलेली आग) करणार असाल तर एक लक्षात ठेवा, आगीनंतर दडलेलं बी जोरात उगवतं, त्यामुळे पुढच्या वर्षी तिथे माणसं लागणारच.

मिडवेस्टची_मेघा:
खूप आभार! पार्सनिपबद्दल भीती वाटते, तिथे गोल्डन अलेक्झांडर हे इथलं मूळचं फुलझाड पण आहे, तेही पिवळंच.

पाटलीणबाई_आयोवा:
भीती बरोबर आहे गं, रस अंगाला लागून वर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि डाग कितीतरी दिवस जात नाहीत. फुल बाह्या, हातमोजे, लांब पँट, आणि शक्यतो ढगाळ दिवशी. ओळखायचं असं की अलेक्झांडर आधी फुलतं, ठेंगणं असतं, आणि त्याच्या प्रत्येक छोट्या झुपक्यातलं मधलं फूल देठाशिवाय चिकटून बसलेलं असतं, जवळ जाऊन बघ. पार्सनिप उंच, खोडावर उभ्या खाचा. अरुंद फावडं तिरकं घालून मूळ जमिनीच्या इंच-दोन इंच खाली तोडायचं, अख्खं खणून काढायची गरज नाही, माती जितकी कमी हलेल तितकं बरं.

मिडवेस्टची_मेघा:
आणि क्राउन व्हेच? उपटून काढू का?

गवतवेडा_मॅडिसन:
उपटून फायदा नाही, जमिनीखालून पसरतो आणि तुटलेल्या तुकड्यातून परत फुटतो. हायवेच्या उतारांवर माती धरायला मुद्दाम लावलेला हा प्रकार. तणनाशकाशिवाय सहसा जात नाही. क्लोपिरॅलिड चालतं, पण ते लेड प्लांट आणि प्रेअरी क्लोव्हरलाही (हा तण नाही, मूळचाच) मारतं, सूर्यफुलाच्या जातीचं सगळंच जातं, म्हणजे तुमचा कंपास प्लांटसुद्धा. म्हणून सरसकट फवारा नको, आत आलेल्या एकेका ठिगळावरच मारायचं. सार्वजनिक जागेवर फवारणीच्या लायसन्सचं टाउनशिपशी आधी बोला. यंदा निदान पट्ट्याची आतली कड धरून ठेवा, मुख्य पट्टा नंतर.

पाटलीणबाई_आयोवा:
आणि पार्सनिपचं बी धरलं असेल तर छत्र्या (बियांचे छत्रीसारखे झुपके) कापून जाड पिशवीत भरा, तिथेच ढीग घालू नका, कापलेल्यावरही बी पिकतं.